उपचारासाठी नेलेले मूल आणि परतीची वाट

३० जुलै १९९३ रोजी, बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात अडकलेल्या साराजेव्हो शहरात एक तोफगोळा फुटला. इर्मा नावाच्या पाच वर्षांच्या मुलीची आई त्यात मारली गेली आणि मुलीच्या पाठीच्या कण्याला, पोटाला व डोक्याला गंभीर जखमा झाल्या. कोशेव्हो रुग्णालयातील डॉक्टरांकडे तिच्यावर पुढचे उपचार करण्यासाठी साधनेच उरली नव्हती, आणि अशातच तिला मेंदूज्वर झाला. जखमींना शहराबाहेर काढायचे तर संयुक्त राष्ट्रांच्या वैद्यकीय समितीची मान्यता लागत असे. ती वेळेत मिळेना, तेव्हा तिच्या शल्यचिकित्सकाने परदेशी पत्रकारांना गाठले. तिचे छायाचित्र जगभर पोहोचले, ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर यांनी स्वतः लक्ष घातले आणि ९ ऑगस्टला हवाई दलाच्या विमानाने तिला लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात नेण्यात आले. त्यापाठोपाठ आणखी काही डझन जखमींना साराजेव्होतून ब्रिटन, स्वीडन आणि इटलीत हलवण्यात आले, आणि या सगळ्या मोहिमेला तिचेच नाव पडले. इर्मा मात्र मानेखाली लुळीच राहिली आणि १ एप्रिल १९९५ रोजी, लंडनमध्ये वीस महिने काढल्यानंतर, रक्तातील जंतुसंसर्गाने गेली.

या घटनेवरून तेव्हा पेटलेला वाद आजही मिटलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या प्रवक्त्यांनी उघडपणे विचारले होते की ब्रिटनला मदत करायची आहे ती फक्त लहान मुलांनाच काय, आणि साराजेव्हो म्हणजे आपल्या पसंतीने निवडून घेण्याचे दुकान वाटले की काय. हा संताप रास्त होता. त्याच रुग्णालयात, बाहेर जाण्याची वाट पाहत, तितक्याच गंभीर जखमा घेऊन पडलेली कितीतरी माणसे होती. त्यांच्यापर्यंत कॅमेरा पोहोचला नव्हता एवढेच. परंतु या संतापातून काही जण जो निष्कर्ष काढतात, की अशी विमाने पाठवणेच चुकीचे आहे आणि तो श्रीमंत देशांनी स्वतःच्या समाधानासाठी मांडलेला देखावा आहे, तो मला पटत नाही. इर्मासाठी विमान गेले हे योग्यच झाले. ते जाण्यासाठी छायाचित्र लागले ही लाजिरवाणी गोष्ट होती. या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवता आल्या नाहीत, तर आपण एक तर भाबडेपणाने टाळ्या वाजवतो नाही तर कठोरपणाने दार लावून घेतो.

माझे म्हणणे असे आहे की ज्या जखमी मुलावर त्याच्या मुलुखात उपचार होऊ शकत नाहीत त्याला परदेशी नेणे हे समाजाचे कर्तव्य आहे. मात्र हे कर्तव्य विमान उतरल्यावर किंवा शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावर संपत नाही, ते मूल वाढून मोठे होईपर्यंत चालते. मुलाला नेणाऱ्याने त्याची आई किंवा बाप, त्याची भाषा, त्याची कागदपत्रे आणि त्याची परतीची वाट ही सगळी त्याच्याबरोबर सांभाळली पाहिजेत. जी संस्था किंवा जे सरकार यातले काहीच सांभाळायला तयार नाही, त्याच्या हाती मूल देताना दहादा विचार करावा.

हे म्हणणे कोरड्या तत्त्वातून आलेले नाही, ते मुलाच्या शरीरातूनच निघते. प्रौढ माणसाची जखम भरली की तिचे रूप बहुतेक ठरून जाते. मुलाचे तसे नसते. भाजलेल्या जागी जो व्रण राहतो तो निरोगी कातडीसारखा ताणत नाही. मूल उंच होते, खांदे रुंदावतात, मान लांबते, आणि व्रण मात्र जिथल्या तिथे राहतो. मग काखेतली कातडी आवळून हात वर जाईनासा होतो, हनुवटी छातीकडे ओढली जाते, कोपर सरळ होत नाही, बोटे तळव्याकडे वळतात. मुलगी वयात येते तेव्हा छातीवरचा जुना व्रण नव्याने दुखू लागतो. म्हणून भाजलेल्या मुलाला वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागतात, आणि त्यांच्या मधल्या काळात दिवसरात्र घालायचे घट्ट दाबाचे कपडे, रोजचे व्यायाम आणि मालीश लागते. हाडाचेही तेच. कापलेल्या हाताचे किंवा पायाचे हाड वाढत्या वयात टोकाकडून पुन्हा वाढू लागते, कातडीला आतून टोचू लागते, आणि कित्येकदा ते परत कापावे लागते. कृत्रिम पाय बसवला तरी तो मुलाबरोबर वाढत नाही. मुलाचा कृत्रिम पाय साधारण दर सहा महिन्यांनी आणि प्रौढाचा तीन ते पाच वर्षांनी बदलावा, असे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे सांगणे आहे. आठ वर्षांच्या मुलाचा हिशोब केला तर अठराव्या वर्षापर्यंत वीसेक पाय होतात. यातला पहिला पाय झगमगत्या रुग्णालयात, वार्ताहरांसमोर बसवला जातो. उरलेले एकोणीस कुठे आणि कोण बसवणार, हे कोणीतरी विचारायलाच हवे.

गाझाच्या युद्धात पहिल्या काही महिन्यांतच सुमारे एक हजार मुलांनी एक किंवा दोन्ही पाय गमावल्याचे युनिसेफने सांगितले होते. वरचा हिशोब त्या संख्येला लावून पाहिला की कळते, हा प्रश्न पाच-दहा विमानांनी सुटणारा नाही. विमाने लागणारच आहेत, पण त्यांच्या मागे कार्यशाळा लागणार आहेत, कारागीर लागणार आहेत, आणि त्या मुलांच्या गावापासून पोहोचण्याजोग्या अंतरावर लागणार आहेत.

बगदादच्या अलीची गोष्ट अनेकांना आठवत असेल. २००३ च्या आक्रमणात त्याच्या घरावर क्षेपणास्त्र पडले. आईवडील आणि कुटुंबातले अनेक जण गेले, त्याचे दोन्ही हात गेले, अंग भाजले. छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर त्याला आधी कुवेतला आणि पुढे लंडनला नेण्यात आले, लोकांनी मोठ्या प्रमाणावर पैसे दिले, रोहॅम्प्टनच्या प्रसिद्ध केंद्रात त्याच्यासाठी कृत्रिम हात बनवले गेले. तो ब्रिटनमध्येच शिकला आणि तिथला नागरिक झाला. हातांचे म्हणाल तर त्याने पुढे आपली बरीच कामे पायांनी करणेच पसंत केले. यात कोणाचेही अपयश नाही. शरीर आपला मार्ग शोधते. पण देणगी देणाऱ्यांच्या मनात ‘मुलाला हात मिळाले’ हे जे चित्र होते आणि त्या मुलाचे जे प्रत्यक्ष आयुष्य घडले, त्या दोहोंमध्ये फार मोठे अंतर होते. मला वाटते, त्याला खरे मिळाले ते सुरक्षित घर, शाळा आणि बोलायला माणसे, आणि त्यांची किंमत कृत्रिम हातांपेक्षा कमी नव्हती.

अशा कामाला आयुष्य देणाऱ्यांनी स्वतः काय शिकले, हे पाहिल्याशिवाय हा प्रश्न नीट समजत नाही. १९५५ साली हिरोशिमातील पंचवीस तरुणींना अमेरिकेत नेण्यात आले. अणुबॉम्ब पडला तेव्हा त्यांतल्या बहुतेक शाळकरी वयाच्या होत्या. दहा वर्षे त्या चेहऱ्यावरचे आणि हातांवरचे व्रण घेऊन जगत होत्या. धर्मोपदेशक कियोशी तानिमोतो आणि अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात त्यांच्यावर शंभराहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रियेच्या काळात त्या क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांत राहिल्या. त्यांतील एक भूल दिलेली असतानाच दगावली, आणि ही गोष्टही विसरता कामा नये, कारण दयाबुद्धीने केलेली शस्त्रक्रियासुद्धा शस्त्रक्रियाच असते. या योजनेतला एक तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्या तरुणींबरोबर जपानी डॉक्टरही गेले होते, आणि तिथे पाहिलेले तंत्र घेऊन ते परतले.

त्या शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाचे एक प्रमुख होते प्लास्टिक सर्जन आर्थर बार्स्की. बारा-तेरा वर्षांनी व्हिएतनामच्या युद्धात नापाम या अंगाला चिकटून जळणाऱ्या बॉम्बने भाजलेली मुले जगासमोर आली, तेव्हा त्यांना अमेरिकेत आणावे की तिथेच उपचार करावेत असा वाद उभा राहिला. १९६७ च्या सुमारास अमेरिकी डॉक्टरांनी आणि नागरिकांनी काही मुलांना आणलेही. बार्स्की मात्र सायगावला गेले आणि १९६९ मध्ये तिथे त्यांनी मुलांसाठी प्लास्टिक सर्जरीचे रुग्णालय उभे केले, जिथे व्हिएतनामी डॉक्टर आणि परिचारिका शिकून तयार झाल्या. पुढे ८ जून १९७२ रोजी नऊ वर्षांची किम फुक भाजलेल्या अंगाने रस्त्यावरून धावत आली. ते छायाचित्र सगळ्या जगाने पाहिले, पण तिचा जीव कुठे वाचला हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती वाचली सायगावच्या याच रुग्णालयात, आपल्या माणसांच्या जवळ राहून, चौदा महिन्यांच्या उपचारांनंतर. तिच्या छायाचित्राने जे विमान कदाचित मागवले असते, त्याची गरजच पडली नाही, कारण तीन वर्षांपूर्वी कोणीतरी तिच्या शहरात खाटा मांडून ठेवल्या होत्या. १९८० च्या दशकात व्रणांच्या पुढच्या शस्त्रक्रियेसाठी तिला पश्चिम जर्मनीत नेण्यात आले, आणि तेही योग्यच होते. जे घराजवळ होऊ शकत नव्हते तेवढ्यापुरते दूर जाणे झाले.

यावर एक हिशोबी आक्षेप नेहमी घेतला जातो. एका मुलाचा विमानप्रवास, व्हिसा, मुक्काम आणि परदेशी रुग्णालयाचा खर्च यांत त्याच्या देशातल्या शंभर मुलांवर उपचार होतील, मग हा खर्च का करावा? सरकारी अंदाजपत्रक आखणाऱ्याने हा प्रश्न जरूर विचारावा. पण तो जितका निर्णायक वाटतो तितका नाही, कारण या कामातले पुष्कळसे धन एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेता येत नाही. जर्मनीतील ओबरहाउझेन या शहरात १९६७ पासून ‘फ्रीडन्सडॉर्फ’, म्हणजे ‘शांतिग्राम’, नावाची संस्था आहे. ती अफगाणिस्तान, अंगोला आणि अशाच इतर देशांतून जखमी व आजारी मुलांना आणते आणि जर्मन रुग्णालये त्यांच्यासाठी मोफत खाटा देतात. त्या रुग्णालयाने ती खाट दिली नाही तर तिचे पैसे करून अंगोलाला पाठवले जातील असे थोडेच आहे? ती खाट त्या मुलासाठीच उपलब्ध असते, किंवा कोणासाठीच नसते. शिवाय काही जखमा अशा असतात की त्यांच्यासाठी लागणारे कौशल्य उभे करायला दहा वर्षे लागतील, आणि ते मूल तोवर थांबू शकत नाही.

फ्रीडन्सडॉर्फचे नियम सरळ आहेत: त्या देशात उपचार शक्य नसावेत, जर्मनीत ते यशस्वी होण्याची आशा असावी, कुटुंब गरीब असावे, आणि उपचार संपले की मूल परत घरी जावे. शेवटचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. पण या पद्धतीत मुले आईबापांविना येतात, कित्येक महिने आणि कधी त्याहूनही जास्त काळ राहतात, आणि ही गोष्ट मला अस्वस्थ करते. पाच-सहा वर्षांचे मूल वर्षभर दुसऱ्या भाषेत जगले की त्याची स्वतःची भाषा पुसट होते. घरी परतल्यावर आईशी बोलायला त्याला शब्द शोधावे लागतात. सगळ्या आयांना आणणे परवडणार नाही, व्हिसा मिळणार नाही, घरी लहान भावंडे आहेत, या अडचणी खऱ्या आहेत. तरीही जिथे शक्य आहे तिथे आई किंवा बाप बरोबर असणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे, वरखर्च नव्हे.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. मुंबईत दूरच्या गावाहून उपचारासाठी आलेल्या माणसाचे हाल खाटेवर जेवढे होतात त्याहून जास्त त्याच्या सोबत्याचे फुटपाथवर होतात, हे गाडगेबाबांनी ओळखले होते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात, कारण ड्रेसिंग, किमोथेरपी आणि तपासण्या यांच्या तारखांमध्ये जे दिवस पडतात ते कुठेतरी काढायचे असतात. औषधाइतकीच रात्री डोके टेकायला जागा लागते, आणि उशाशी आपले माणूस लागते, ही समज ज्या धर्मादाय कामात आहे ते काम मला पुरे वाटते.

आंतरराष्ट्रीय कायद्यानेही हे ओळखले आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारातील ७८ वे कलम सांगते की युद्धकाळात परक्या देशाच्या मुलांना दुसऱ्या देशात हलवायचे तर ते तात्पुरतेच असावे आणि त्याला आरोग्य, उपचार किंवा सुरक्षितता यांचे निकडीचे कारण असावे. आईबाप किंवा पालक सापडत असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी. आणि मुलाला परत आपल्या कुटुंबात व देशात जाणे सोपे व्हावे म्हणून प्रत्येक मुलाचे छायाचित्रासह ओळखपत्र बनवून रेड क्रॉसच्या शोध कचेरीकडे पाठवावे. त्या ओळखपत्रावर काय काय लिहायचे याची यादीही कलमात आहे: नाव, जन्मतारीख, बापाचे व आईचे नाव, धर्म, रक्तगट, अंगावरच्या खुणा, मूल कुठे आणि कधी सापडले, आणि त्याची मातृभाषा. युद्धाचे नियम लिहिणाऱ्यांनी मुलाच्या मातृभाषेसाठी एक रकाना ठेवावा, यामागे दुसऱ्या महायुद्धात हरवलेल्या मुलांचा किती मोठा अनुभव असेल याची कल्पना करता येते.

हा रकाना रिकामा राहिला की काय होते हे २००७ मध्ये दिसले. चाड देशातील अबेशे शहरात एका फ्रेंच संस्थेच्या लोकांना १०३ मुलांना विमानाने फ्रान्सला नेण्याच्या बेतात असताना अटक झाली. ही शेजारच्या सुदानमधील दारफुर प्रांतातल्या युद्धाने अनाथ केलेली मुले आहेत असे त्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात बहुसंख्य मुले सीमेवरच्या चाडी गावांतली होती आणि त्यांना आई किंवा बाप किंवा सांभाळणारे माणूस होते. ती जखमी वाटावीत म्हणून काही मुलांना खोट्या मलमपट्ट्या बांधल्या होत्या. मला या प्रकरणात सर्वांत भयानक वाटतात त्या या पट्ट्या. जखमी मुलाविषयी माणसाच्या मनात इतकी सहज करुणा उपजते, की तिचा परवान्यासारखा वापर करता येतो, हे त्या पट्ट्या बांधणाऱ्यांना ठाऊक होते. २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतरही ३३ मुलांना सरहद्दीपलीकडे नेणारे एक अमेरिकी धार्मिक पथक पकडले गेले. त्यातलीही बहुतेक मुले अनाथ नव्हती. म्हणून लेखी संमती, ओळखपत्र आणि स्थानिक अधिकाऱ्यांची नोंद या गोष्टींना ‘कागदी घोडे’ म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. कागद हळू चालतात म्हणून ते वेगाने चालवावेत; ते टाळू नयेत.

त्याच हैतीत आणखी एक गोष्ट घडली. जखमींना अमेरिकेत नेणारी लष्करी उड्डाणे जानेवारीच्या अखेरीस काही दिवस थांबली, कारण त्यांच्या उपचाराचा खर्च कोणी सोसायचा यावर फ्लोरिडा राज्य आणि केंद्र सरकार यांच्यात एकमत नव्हते. वाद मिटला, उड्डाणे पुन्हा सुरू झाली. पण चिघळत्या जखमा घेऊन पडलेल्या माणसांसाठी ते ‘काही दिवस’ काय असतील? खर्चाचा भार कोणावर, हे संकट येण्याआधी ठरवून ठेवणे ही फार साधी गोष्ट आहे, आणि जवळजवळ कोणताच देश ती करत नाही.

दूरच्या विमानाला एक चांगला पर्याय जवळच्या शहराचा आहे. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने २००६ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान इथे इराकी युद्धजखमींसाठी पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांचे काम सुरू केले. पुढे तिथे सीरिया, येमेन आणि गाझामधूनही माणसे येऊ लागली. हाडे, भाजल्याचे व्रण, जबडा व चेहरा यांवरच्या शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी, मानसिक आधार, राहणे आणि प्रवास हे सगळे मोफत, आणि मुलाबरोबर त्याचे माणूस. भाषा तीच, अजान तीच, जेवणाची चव ओळखीची. दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी परत यायचे तर महासागर ओलांडावा लागत नाही. काबूलमधील रेड क्रॉसचे कृत्रिम अवयवांचे केंद्र १९८८ पासून चालू आहे, आणि तिथे काम करणारे बहुतेक कारागीर स्वतः अपंग आहेत. आपल्या जयपूर फूटची शिबिरेही अनेक देशांत भरली. शिबिराचा मला आदर आहे. पण शिबिर उठून जाते आणि मूल वाढत राहते, म्हणून शिबिराच्या मागोमाग कायमची कार्यशाळा गेली पाहिजे.

इथे परतीचा अवघड प्रश्न येतो. मूल परत गेले पाहिजे असे मी वर म्हटले आहे, पण कुठे परत? ज्या घरावर बॉम्ब पडला तिथे? परत जाण्याचा हक्क आणि परत पाठवले जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हक्क मुलाचा आणि त्याच्या कुटुंबाचा आहे. तो वापरायचा केव्हा हे त्यांनी ठरवायचे. गाझाच्या कुटुंबांपुढे हे कोडे सर्वांत क्रूर रूपात उभे आहे. मुलाला बाहेर नेले तर पुन्हा आत येऊ दिले जाईल याची खात्री नाही, आणि नेले नाही तर ते जगेल याची खात्री नाही. बाप आत राहतो, आई एका मुलाला घेऊन कैरोला किंवा अबूधाबीला जाते, आणि हे घर पुन्हा कधी एकत्र येईल ते कोणाला ठाऊक नसते. मे २०२४ मध्ये गाझातून इजिप्तला जाणारा रफाहचा रस्ता बंद झाल्यावर बाहेर जाणाऱ्या रुग्णांची संख्या कमालीची घटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२५ च्या मध्यापर्यंत सात हजारांहून अधिक रुग्ण बाहेर नेले गेले होते, त्यांत बहुसंख्य मुले होती, आणि दहा हजारांहून अधिक अजून वाट पाहत होते. या रुग्णांपैकी सर्वाधिक भार इजिप्त, संयुक्त अरब अमिराती आणि कतार यांनी उचलला. दूरच्या श्रीमंत देशांनी घेतलेल्या मुलांची संख्या त्या मानाने फार लहान आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेने गाझातील लोकांना भेटीचे व्हिसा देणेच थांबवले. धर्मादाय संस्थांनी उपचारासाठी आणलेली मुले याच व्हिसांवर येत होती.

असेही म्हणतात की शस्त्रे पुरवणाऱ्या देशांनी मूठभर जखमी मुलांना आणून आपले हात धुऊन घ्यायचे, हे ढोंग आहे. त्या सरकारांना हा जाब जरूर विचारावा, सतत विचारावा. पण त्या वादाची किंमत खाटेवरच्या मुलाकडून वसूल करता येणार नाही. ज्या देशाच्या बॉम्बने हिरोशिमा जाळले त्याच देशाच्या डॉक्टरांनी त्या तरुणींचे हात पुन्हा उघडले; त्याने बॉम्बचे समर्थन झाले नाही, आणि हात उघडले हेही खोटे ठरले नाही.

आता आपल्या देशाकडे वळतो, कारण इथे आपल्या शब्दाला थोडेफार वजन आहे. जुलै २००३ मध्ये लाहोर-दिल्ली बस पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्यातून अडीच वर्षांची नूर फातिमा हृदयावरच्या शस्त्रक्रियेसाठी बंगळूरुला आली. तिच्या हृदयातली छिद्रे बुजवली गेली, लोकांनी उदंड माया केली आणि ती घरी गेली. ती जखमी नव्हती, जन्मतः आजारी होती, पण नेणे, उपचार करणे आणि परत पोहोचवणे ही साखळी पूर्ण झाल्याचे ते चांगले उदाहरण आहे. त्यानंतरच्या वर्षांत इराक, येमेन, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतील देशांतून असंख्य कुटुंबे दिल्ली, चेन्नई, मुंबई, पुण्याच्या रुग्णालयांत आली. त्यातली बरीच पैसे मोजून, काही देणग्यांवर. रुग्णाबरोबर दोन नातेवाइकांना सोबतीचा व्हिसा देण्याची आपली पद्धत आहे, आणि ती अनेक श्रीमंत देशांच्या पद्धतीपेक्षा जास्त माणुसकीची आहे.

पण ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडल्यावर अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा आपण एका आदेशाने रद्द केले. त्यांत उपचारासाठी येणारेही अडकले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले आणि वैद्यकीय व्हिसांना २९ एप्रिलपर्यंतचीच मुदत मिळाली. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या मुलांना ती न होताच परतावे लागल्याच्या बातम्या त्या आठवड्यात आल्या. पहलगाममध्ये ज्यांची माणसे मारली गेली त्यांत महाराष्ट्रातलीही कुटुंबे आहेत, आणि त्यांचा आक्रोश आपण सगळ्यांनी ऐकला आहे. सरकारने कठोर होण्याचे कारण मला समजते. तरीही शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या लहान मुलाला अर्ध्या उपचारातून परत पाठवण्याने त्या मारेकऱ्यांना कसली शिक्षा झाली, हे मला समजू शकलेले नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे की अठरा वर्षांखालील रुग्णासाठी उपचाराचा व्हिसा वेगळा मानावा. एकदा मूल देशात आले आणि उपचार सुरू झाले की ते डॉक्टरांनी डिस्चार्ज देईपर्यंत, कोणत्याही देशाशी संबंध बिघडले तरी, तो व्हिसा मध्येच तोडला जाऊ नये. आई किंवा बाप यांपैकी एकाचा व्हिसा त्याच मुदतीचा असावा. पुढच्या शस्त्रक्रियेसाठी परत यावे लागणार असेल तर तसे पहिल्याच वेळी नोंदवून ठेवावे. आणि रुग्णालयाने मुलाला निरोप देताना त्याचा केसपेपर, क्ष-किरण चित्रे आणि शस्त्रक्रियेचा तपशील त्याच्या गावाजवळच्या डॉक्टरला समजेल अशा रीतीने लिहून हाती द्यावा, शक्य तिथे त्या डॉक्टरशी प्रत्यक्ष बोलून द्यावा. यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागेल असे मला वाटत नाही. व्हिसाच्या नियमांत दोन ओळी वाढवल्या आणि रुग्णालयांना एक परिपत्रक पाठवले, तरी पुढच्या वेळी सीमा बंद होईल तेव्हा एखादे मूल शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत आपल्या खाटेवर राहू शकेल.